साहेबाला विचारायचे चार प्रश्न

गोदा : डिड ही वेंट?

मास्तर : वेंट नाही गो. गो.

गोदा : ही हाक मारलीत काय शिकवलंत?

मास्तर : शिकवलं. डिड ही गो. तो गेला, एवढंच सांगायचं तर ही वेंट. पण गेला का, असं विचारायचं झालं की डिड पुढे येऊन उभा राहतो नि वेंटचा परत गो होतो.

गोदा : काल तुमीच वेंट शिकवलात. डाकबंगल्यावर पाणी भरताना दिसभर वेंट वेंट करत व्हते. बाबू बटलर हसाय लागला मला. नि आज म्हणता वेंट नाय.

मास्तर : अगं, दोघी बायका बाजारातून येतायत. हारा एकच, भरलेली मोठी टोपली. एकीने तो डोक्यावर घेतलान् की दुसरी हात हलवत चालते की नाही? तसंच हे. भूतकाळाचा हारा डिडने घेतलान्. मग गोने कशाला वाकायचं?

गोदा : आता कळलं. ह्ये कालच सांगायचं. डिड ही गो. डिड ही कम. चढला काय, ह्याला काय म्हणतात?

मास्तर : कशावर चढला?

गोदा : दुसऱ्या बोटीवर. तुमीच नाय काय वाचलात तवा, कंपनीच्या कागदात?

मास्तर : हां. ते तुझ्या तोंडी बसायचं नाही, लांबलचक आहे. गोदा, मी काय म्हणतो, चार ओळी इंग्रजीत लिहूनच देतो मी. सोमवारी साहेबाच्या हातात कागद ठेव नि बाजूला उभी राहा. कशाला एवढा खटाटोप?

गोदा : कागद नको.

मास्तर : का?

गोदा : कागद दिला की तो कागदावरच लिवून देणार. मग तो वाचाय मी कोणाकडं जाऊ? परत तुमच्याकडंच. तुमच्यावर भरवसा नाय असं नाय हो. रत्नागिरीत शिकलेलं माणूस मला तुमी एकलेच ठावं. पण बारा वर्सं झाली, माज्या माणसाची बातमी मी दुसऱ्याच्या तोंडून ऐकतंय. एकदा माज्या तोंडानं इचारीन, माज्या कानानं ऐकीन. यस् नि नो एवढं तर कळतंय मला.

यमुनाबाई : कोण आहे, दादा? गोदा काय? भर उन्हाची आलीस गो. आमसुलाचं सरबत देऊ?

गोदा : द्या यमुनाबाय. घसा सुकला ह्या डिडनी.

यमुनाबाई : दादाला बरी धरलीस. शाळा सोडून सहा वर्षं झाली ह्याला, पण कोणी इंग्रजीचं नाव काढलंन् की अजून ताठ बसतो. नाहीतर सारा दिवस झोपाळ्यावर.

मास्तर : यमू, तिला सरबत दे आधी. गोदा, पण आताच एवढी घाई कसली? बारा वर्षं गप्प होतीस.

गोदा : बारा वर्सं झाली म्हणूनच. येत्या शिमग्याला भरतात. भावकी म्हणते, बारा वर्सं माणूस आला नाय म्हणजे तो गेलेलाच धरायचा. गवताचा पुतळा करायचा, नदीवर न्यायचा, अग्नी द्यायचा. भटजीनी दिवस पण काढून दिलान.

मास्तर : शास्त्र आहे तसं. होऊन जाऊ दे की मग. तुझीही एकदाची सुटका.

गोदा : काय होऊन जाऊ दे? तो कुठल्या मुलखात जेवूनखाऊन जिता असंल, नि मी हिकडं त्याच्या नावाचा पुतळा जाळू? जित्या माणसाला आग लावल्याचं पाप कोणाच्या माथी? तुमी घेताय?

मास्तर : तसं नव्हे गो.

गोदा : बांगड्या फोडाय मी भीत नाय, मास्तर. पण कोणासाठी फोडतंय ते मला कळाय हवं. म्हणून चारच गोष्टी इचारायच्या हायत. कुठल्या बंदराला उतरला. दुसऱ्या बोटीवर चढून कुठं गेला. तिकडं दुसरी बायको केलान काय. नि घरचं कधी काय बोलला काय. चारांची उत्तरं आली की भावकी सांगंल त्याला मी तयार.

मास्तर : दुसरी बायको?

गोदा : मग काय झालं असंल? त्याचा सोताचा कागद नाय, पत्तर नाय. जयगडला बोटीत बसताना सांगून गेला, दोन शिमगे चुकवीन, तिसऱ्याला पालखी नाचवाय येतंय. पालखी दर साली नाचते. मी देवळाच्या पायरीवर उभी राहून त्याच्या नावानं बोटं मोडते. मनात म्हणते, रांडेच्या, सुखात हायस ना तिकडं? मग नांद तिकडंच.

यमुनाबाई : असं बोलू नये गो नवऱ्याला.

गोदा : बोलते, यमुनाबाय. समोर नाय म्हणून बोलते. आला असता तर पाय धुतले असते त्याचे.

मास्तर : हे बघ, साहेबाला काय आठवणार आहे? तो आलाय बंदर बघायला, धक्का कुठे बांधायचा ते ठरवायला. बोटीवर शेदीडशे खलाशी. त्यात भट्टीत कोळसा मारणारा आगवाला, तोही इतक्या वर्षांपूर्वीचा. त्यातून तू नुसती ही, ही करणार. ही म्हणजे कोण? भागोजी म्हणून नाव नको का सांगायला?

गोदा : मी नाव कशी घेऊ? लग्नात घेतलं तेवढं एकदा. घोवाचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी व्हतं.

मास्तर : मग झालं तर. नाव नाही, गाव नाही, साहेब काय डोंबल सांगणार?

गोदा : नाव त्याला ठावं हाय. बाबूनी सांगितलान.

मास्तर : बाबूने? कधी?

गोदा : परवा. बाबू आमच्याच वाडीचा, त्याला सगळं म्हायत हाय. साहेब पूर्वी त्याच बोटीवर मालम व्हता, कप्तानाच्या हाताखालचा, असं त्याला कळलं. सकाळी चहा घेऊन गेला तवा साहेब बाहेर निघालेला, व्हरांड्यात, डोक्यावर टोपी. बाबूचं इंग्रजी म्हणजे टी रेडी सार, बाथ रेडी सार. पण बोटीचं नाव सांगितलान, ह्यांचं नाव सांगितलान, नि कोळसा मारून दाखवलान.

मास्तर : मग?

गोदा : निघालेला साहेब थांबला. मग टोपी काढलान नि हातात धरलान. बराच येळ काय काय बोलला. बाबूला त्यातलं एक अक्षर कळलं नाय. शेवटाला बाबू म्हणाला, यस सार.

मास्तर : टोपी काढलीन्?

गोदा : व्हय. टोपी कशाला काढली असंल, मास्तर?

मास्तर : उकडत असेल.

गोदा : माघातल्या सकाळी?

मास्तर : साहेब लोकांचं काय सांगावं. आज पुरे, गोदा. उद्या ये.

गोदा : उद्या रविवार. परवा दुपारच्या बोटीनं साहेब जातो. मला अजून एक प्रश्न धड येत नाय, नि तुमी म्हणता पुरे.

मास्तर : मला बरं वाटत नाही.

यमुनाबाई : दादा, आताच तर बरा शिकवत होतास. काय होतंय तुला?

गोदा : मास्तर, टोपी कधी काढतात साहेब लोक?

यमुनाबाई : सांग की तिला. ती विचारतेय ना.

मास्तर : यमू, माझ्या कपाटातला मोठा शब्दकोश आण.

यमुनाबाई : तो कसरीने खाल्लेला? उघडत नाहीस, टाकूही देत नाहीस.

मास्तर : तोच.

(यमुनाबाई शब्दकोश आणून देते. मास्तर त्यातून एक घडीचा पिवळा पडलेला कागद काढतात.)

मास्तर : हा ओळखतेस?

गोदा : वर बोटीचं चित्र हाय. तोच नाय काय? तुमी वाचलात तो? सासरे पायरीवर बसलेले. मी खाली, त्या माडापाशी उभी व्हते.

मास्तर : तोच. पण त्या दिवशी मी वाचलं ते ह्यात नाही.

गोदा : म्हणजे?

मास्तर : तो एडनला दुसऱ्या बोटीवर चढला, पुढचा ठावठिकाणा कंपनीला ठाऊक नाही, असं मी वाचलं. तसं ह्यात काही नाही. ते मी माझ्या मनचं सांगितलं.

गोदा : मग ह्यात काय हाय?

मास्तर : बस आधी.

गोदा : बसलेलीच हाय. वाचा.

मास्तर : परवा साहेबाच्या तोंडून तुला कळलंच असतं. त्याआधी मी सांगायला हवं. हे अकरा वर्षांपूर्वीच...

गोदा : वाचा, मास्तर.

मास्तर : ‘आपल्या पत्राच्या उत्तरी कळवितो की, आगवाला भागोजी हा बोट एडनच्या वाटेवर असता तापाने आजारी पडला. बोट बंदरात लागताच मालमसाहेबाने त्याला स्वतः होडीत घालून किनाऱ्यावरच्या इस्पितळात नेले. तिसऱ्या दिवशी, म्हणजे अकरा डिसेंबर एकोणीसशे तेवीस रोजी सकाळी, तो वारला. त्याला तिथेच माती देण्यात आली. होडीत व इस्पितळात तो अखेरपर्यंत काही बोलत होता. त्याची भाषा समजणारे तिथे कोणी नव्हते, याचे आम्हांस वाईट वाटते.’ खाली सही आहे.

गोदा : शेवटचं परत वाचा.

मास्तर : ‘होडीत व इस्पितळात तो अखेरपर्यंत काही बोलत होता. त्याची भाषा समजणारे तिथे कोणी नव्हते.’

गोदा : कुठलं साल म्हणालात?

मास्तर : तेवीस.

गोदा : म्हणजे गेला त्याच वर्साला. एक शिमगा पण चुकला नव्हता त्याचा. नि मी बोटं मोडत व्हते.

यमुनाबाई : गोदा, पाणी घे बाय.

गोदा : नको. अकरा म्हाळ गेले, मास्तर. वाडीत ज्याच्यात्याच्या बापाचं, आजाचं पान वाढलं, ह्यांचं नाय वाढलं. जित्याचं कसं वाढायचं? कावळ्याला एक घास ठेवला नाय कोणी. उपाशी ठेवलं मी त्याला अकरा वर्सं.

मास्तर : तू नाही ठेवलंस. मी.

गोदा : सासरे गेले ते दाराकडं तोंड करून गेले. म्हणायचे, माजी वाट बघून झाली, आता तू बघ. नि तुमी त्यांच्या मयताला आला व्हतात. वाडीतल्या वडाखाली उभे व्हतात छत्री घेऊन. मी बघितलं तुमाला. म्हटलं, केवढा मोठा माणूस आपल्या दारात आला.

मास्तर : तेव्हाही सांगायचं होतं मला. दर वर्षी सांगायचं होतं. एक वर्ष गेलं की पुढच्या वर्षी सांगणं जास्त कठीण झालं. आता सांगितलं तर ही विचारील, मग तेव्हा का नाही? त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

गोदा : आता हाय?

मास्तर : तू तेव्हा एकोणीस वर्षांची होतीस. कपाळभर कुंकू लावून उभी होतीस माडापाशी. मी पहिल्या दोन ओळी मनात वाचल्या. आत यमू चुलीशी बसली होती, तिची खोकल्याची उबळ ऐकू आली. मला ती चौदा वर्षांची दिसली, न्हाव्यापुढे बसवलेली. मी तेव्हा कॉलेजातून सुट्टीला आलो होतो. ओसरीवर पुस्तक घेऊन बसलो होतो. उठलो नाही, बोललो नाही. पान उलटलं. म्हटलं, एकीच्या वेळी गप्प राहिलो, ही दुसरी तरी वाचू दे. हिचे केस राहतील, कुंकू राहील. नवरा परदेशी आहे म्हणून मान राहील चार माणसांत.

यमुनाबाई : माझं नाव त्यात घालू नकोस, दादा.

मास्तर : यमू, जे झालं ते सांगतोय.

यमुनाबाई : सांग. पण माझ्यासाठी केलंस असं सांगू नकोस. मी सांगितलं नव्हतं तुला.

गोदा : मास्तर, आमच्यात केस काढत नाय.

मास्तर : हो.

गोदा : आमच्यात पाट लागतो. बाई रांडावली तर वरीस-सहा महिन्यांनी कोण चांगला बघून पाट लावतात. चार माणसं जेवतात, दुसरं लुगडं नेसते, संसाराला लागते. आमच्या वाडीत सात जणी हायत तशा. तुमच्या बागेत आंबे उतरवाय येते ती हौसा, तिचा पाटच हाय.

मास्तर : मला ठाऊक नव्हतं असं नाही. पुस्तकात वाचलं होतं. पण त्या घटकेला माझ्या घराबाहेरचं मला काही दिसलं नाही.

गोदा : तुमी कागद वाचलात त्याला दोन वर्सं झाली तवा लोट्याचा रावजी आला. माज्या नणंदेचा चुलतदीर. तीनदा आला. शेवटच्या खेपेला शिंपल्याचे दोन डबे... नाय, ऱ्हाऊ दे ते. मन व्हतं माजं. आजपतूर कोणाला बोलले नाय, तुमाला सांगतंय. भावकी म्हणाली, मास्तरांनी कागद वाचलाय, घोव जिता हाय, मग पाट लागंल कसा? काडीमोड द्याय तरी माणूस हवा समोर. मी पण म्हटलं, खरं हाय. त्याला भाकरी वाढली नि नाय म्हटलं. अर्धी भाकरी टाकून उठला तो. आता चार पोरं हायत त्याला. मोठ्या पोरीचं नाव गोदा ठेवलान, असं नणंद सांगते.

मास्तर : मला हे कधी कळलंच नाही.

गोदा : इचारलंत काय? दर मोहराला मी तुमच्या बागेत गवत काढाय येते. गोदा, बरी हायस ना, एवढं इचारता नि घरात जाता. गोदा, तुजं काय म्हणणं हाय, तू काय करशील, असं एकदा तरी इचारलंत? तवा म्हणाला असतात, बाय, कागदात वाईट हाय, वाचू काय? तर मी रडले असते. आठ दिस रडले असते, महिना रडले असते. मेले नसते.

मास्तर : नाही विचारलं. तीस वर्षं पोरांना प्रश्न करायला शिकवले. छड्या मारून शिकवले. तुला एक प्रश्न विचारायचं सुचलं नाही मला.

यमुनाबाई : मलाही नाही विचारलास कधी.

मास्तर : हो यमू. तुलाही नाही.

गोदा : तुमाला वाटलं, हिच्या डोक्यावरचा हारा आपण घेतला. नाय, मास्तर. हारा माज्याच डोक्यावर व्हता. आत काय भरलंय तेवढं मला ठावं नव्हतं.

मास्तर : मी तुझा अपराधी आहे, गोदा. भागोजीचा, तुझ्या सासऱ्याचा, त्या रावजीचा. चुकलो म्हणून भागत नाही, पण दुसरा शब्द नाही माझ्याकडे.

गोदा : तुमी वाईट असतात तर बरं झालं असतं. शिव्या घालून मोकळी झाले असते. बागेत पयल्या दिवशी तुमी मला सावलीत बसवून तूपभात दिलात, तो अजून आठवतो. आता त्या भाताला काय म्हणू मी?

यमुनाबाई : हा कागद तिला दे, दादा.

मास्तर : तिचाच आहे तो. घे. नि परवा मी तुझ्याबरोबर डाकबंगल्यावर येतो. साहेबासमोर सगळं कबूल करतो. भावकीलाही मीच सांगतो.

गोदा : भावकीला सांगा. पायरीवर उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा. पुतळ्याला आता माजी ना नाय, शिमग्यापर्यंत थांबत पण नाय मी. पण साहेबाकडं मी एकली जाणार.

मास्तर : आता काय विचारायचंय त्याला? सगळं तर कळलं.

गोदा : चारांतले तीन गेले. कुठं उतरला ते कळलं. दुसऱ्या बोटीवर चढला नाय. दुसरी बायको केलान नाय. एक ऱ्हायलाय.

मास्तर : कोणता?

गोदा : होडीत ह्योच साहेब व्हता ना बरोबर?

मास्तर : मालम तोच असला तर तोच. टोपी काढलीन् म्हणजे तोच.

गोदा : आपलं बोलणं त्याला कळलं नसंल. पण नाव कानात ऱ्हातं माणसाच्या. ह्यांचं नाव ऱ्हायलं की नाय? तसं माजं पण ऱ्हायलं असंल. तो कधी घेत नव्हता माजं नाव. ए, अगं, एवढंच. पण तापात माणूस काय पण बोलतो. घेतलं असंल.

मास्तर : आणि साहेब नो म्हणाला तर?

गोदा : तर नो. खरं तर असंल. नाव घेतलं काय, म्हणालान काय, ह्याला काय म्हणायचं?

मास्तर : म्हणाला, ते सेड. विचारायचं असेल तर...

गोदा : म्हायत हाय. डिडनी हारा घेतला.

मास्तर : तर से. आधी डिड. मग तो. मग से. नि शेवटी तुझं नाव. तो म्हणताना ही म्हण, चालेल. साहेबाला ठाऊक आहे कोणाबद्दल ते.

गोदा : नको, मास्तर. आता नाव घेतलं तर कमी व्हायला काय उरलंय?

यमुनाबाई : म्हण, बाय. मी ऐकतेय.

गोदा : डिड भागोजी से गोदा?